पत्ता : दिघोरी मोठी

तेजराम नंदेश्वर पोस्टमन होते असं म्हटलं, तर दिघोरीची माणसं तुम्हाला लगेच अडवतील. होते कशाला, आहेत की! निवृत्त होऊन पाच वर्षं लोटली, खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण गावात कोणाचं घर शोधत पाहुणा आला तर त्याला आजही आधी तेजरामजींच्या ओसरीवर आणून बसवतात. मग तेजरामजी चष्मा पुसतात, पाहुण्याला दोन प्रश्न विचारतात आणि ज्याच्याकडे जायचं त्याच्या घराचा रंग, दारातलं झाड आणि कुत्रं चावरं आहे की नुसतं भुंकणारं, इथपर्यंत सारं सांगून मोकळे होतात.

ही दिघोरी लाखांदूर तालुक्यातली. सरकारी कागदावर तिचं नाव दिघोरी मोठी. चौतीस वर्षं तेजरामजींनी इथून सायकलवर टपाल वाटलं. दिघोरी धरून सात गावं, म्हणजे पोस्टाच्या भाषेत त्यांची बीट. नव्व्याण्णव साली जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला आणि पलीकडची अर्जुनी मोरगावची गावं एका दिवसात दुसऱ्या जिल्ह्याची झाली. लोक मात्र पुढली कित्येक वर्षं पत्त्यात जुनाच जिल्हा लिहीत राहिले. अशी वाट चुकलेली पत्रं आली की तेजरामजी घरी दिव्याखाली बसून लाल शाईने एकेक पत्ता दुरुस्त करायचे. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण पत्र लिहिणाऱ्याने चूक केली म्हणून वाचणाऱ्याने वाट का पाहावी, असा त्यांचा साधा हिशेब होता. असली माणसं आता शोधून सापडत नाहीत, आणि सापडली तर आपण त्यांना वेडं म्हणतो.

बीट वाटण्याची त्यांची एक तऱ्हा होती. जाताना घरांचा क्रम ठरलेला. पाऊस असो, चिखल असो, पहिल्या घरानंतर दुसरंच घर. मधे कोणी चहाला हाक मारली तरी हात वर करून पुढे. पण शेवटचं पत्र दिलं, पिशवी झटकली, की हाच माणूस दुसरा व्हायचा. परतीची वाट कधीच ठरलेली नसायची. कधी तळ्याच्या पाळीवरून, कधी जंगलाच्या कडेने, कधी कोणाच्या धानाच्या बांध्यांमधून. घरी यायचे तेव्हा पिशवीत जंगलातली पिकली टेंभरं असायची, नाहीतर तोंडात एखादी ताजी बातमी. "जाताना बीट, येताना घुमनं," असं ते म्हणायचे. घरी त्यांची बायको धुरपताबाई ताट झाकून बसलेली असायची. तिला ही म्हण पाठ होती, कारण भाजी तीच पुन्हा गरम करायची.

निवृत्तीनंतर पेन्शनच्या कागदांपायी तेजरामजींना नागपूरच्या दोनचार खेपा कराव्या लागल्या. परत आले की ओसरीवर गर्दी. नागपूर कसं आहे, काय आहे, आम्हालाही घेऊन चला. नागपूर काही सातासमुद्रापार नाही, सानगडीवरून साकोली गाठली की पुढे तीन तासांची बस. पण आमच्याकडची माणसं नागपूरला जातात ती दवाखान्यात नाहीतर कोर्टात. उगीच, नुसतं पाहायला म्हणून, कोण जातं? तेजरामजींनी ठरवलं की आपण न्यायचं. दरवर्षी जानेवारीत, धान चुरून-मळून कोठीत पडलं की, दोन दिवस.

पहिल्या वर्षी त्यांच्यातला पोस्टमन जोरात होता. त्यांनी दोन दिवसांची बीटच आखली. नऊ वाजता दीक्षाभूमी, दहा चाळीसला अजब बंगल्याचं संग्रहालय, बाराला महाराजबाग, असं घड्याळ लावून. अकरा ठिकाणं पाहिली. माणसं इतकी पळाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये कोणी कोणाशी बोलेना. नत्थू म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, त्याने उतरताना पायातली चप्पल हातात घेतली आणि म्हणाला, "तेजरामजी, नागपूर पाह्यलं जी. पन दिसलं नाई."

हे वाक्य तेजरामजींना लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी उलटं टोक गाठलं. कागदच नेला नाही. जिकडे पाय नेतील तिकडे जाऊ म्हणाले. आठ माणसांचे सोळा पाय सोळा दिशांना. कोणाला फुटाळा तलाव, कोणाला बर्डीचा बाजार. भांडता भांडता अख्खी दुपार गणेशपेठेच्या बसस्टँडवर चिवडा खाण्यात गेली आणि एक बाई रुसून एकटीच साकोलीच्या बसमध्ये जाऊन बसली.

तिसऱ्या वर्षी तेजरामजींना युक्ती सुचली आणि ती त्यांच्या धंद्यातूनच आली. टपालात दोन जाती. एक रजिस्ट्री, ती ज्याची त्याच्या हातात पडलीच पाहिजे, सही घेतल्याशिवाय सुटका नाही. दुसरं साधं टपाल. तेही पोचायचंच, पण त्याच्यासाठी कोणी सही मागत नाही. त्यांनी निघायच्या आधी घरोघरी जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुही रजिस्ट्री काय?" म्हणजे या दोन दिवसांत तुझी कोणती एक गोष्ट झालीच पाहिजे? एकच. ती डायरीत नावापुढे लिहायची आणि कसंही करून पार पाडायची. बाकी सारा वेळ साधा, मोकळा. वाट फुटेल तिकडे घुमायचं, जे दिसलं ते दिसलं, जे राहिलं ते राहिलं.

आणि काय सांगावं, सहल जमली! नत्थूची रजिस्ट्री होती रेल्वेच्या पुलावर उभं राहून तासभर गाड्या पाहणं. सारे तासभर उभे राहिले, एकानेही कुरकुर केली नाही, कारण पुढची पाळी आपली हे ज्याला त्याला ठाऊक होतं. सानगडीच्या विजयमालाबाई कोष्ट्याच्या घरातल्या. त्यांचा नवरा आयुष्यभर हातमागावर लुगडी विणून गेला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडचं लुगडं मोठ्या दुकानात काचीच्या मांगं कसं दिसते, थे मले पाहाचं हाय." तर साऱ्या टोळीने इतवारीतली दुकानं पालथी घातली आणि चौथ्या दुकानात तसं लुगडं सापडलं. विजयमालाबाई काचेपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. दुकानदार घ्यायचं का विचारायला आला आणि त्यांचं तोंड पाहून काही न विचारताच परत गेला. तेजरामजींनी डायरी पुढे केली. रजिस्ट्री पोचली की सही, नाहीतर अंगठा. माणसं हसायची, पण सही ऐटीत करायची.

असं तीन वर्षं चाललं. तेजरामजींचं नाव पंचक्रोशीत झालं. या तीन वर्षांत त्यांनी कितीतरी माणसांना तो प्रश्न विचारला. फक्त एका माणसाला विचारला नाही, आणि ते माणूस त्यांच्याच घरात राहत होतं.

यात त्यांचं वाईटपण नव्हतं. धुरपताबाई कधी सहलीला आल्याच नव्हत्या. सासू सात वर्षं अंथरुणावर होती, दारात चार बकऱ्या. सासू गेली तरी "मले काय पाहाचं हाय नागपुरात?" असं म्हणून त्या नवऱ्याच्या पिशवीत भाकरी बांधून द्यायच्या. पण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेरा साली, आदल्या दिवशी टोळीतला देवाजी तापाने आडवा झाला आणि नऊ जणांतली एक जागा रिकामी झाली. अंगणवाडीची सरिता म्हणाली, "काका, काकूले घ्या ना." तेजरामजी म्हणाले, "चाल." धुरपताबाईंनी बकऱ्या शेजारणीकडे बांधल्या आणि हिरवं लुगडं काढलं. रात्री डायरीत तेजरामजींनी देवाजीच्या नावावर रेघ मारून खाली "धुरपता" लिहिलं. पुढची जागा कोरी राहिली. घरच्या माणसाला काय विचारायचं, ती आपल्याबरोबरच असणार, असं त्यांना वाटलं. वाटलंसुद्धा नाही खरं तर. तेवढा विचारच त्यांनी केला नाही.

साकोलीच्या स्टँडवर त्यांनी नेहमीप्रमाणे साऱ्यांना गोल उभं केलं आणि नियम सांगितला, "शहरात कोनी चुकलं, त जिथं चुकलं तिथंच उभं राहाचं. हलाचं नाई. मी मांगं फिरून तुमाले घेऊन जाईन." हा नियम आठ जणांनी ऐकला. धुरपताबाई तेव्हा दूर झाडाखाली साऱ्यांच्या पिशव्या राखत बसल्या होत्या.

पहिला दिवस छान गेला. मुक्काम ओळखीच्या एका विहाराच्या सभागृहात होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, साडेबारापर्यंत शेवटची सही झाली आणि मोकळा वेळ सुरू झाला. घुमता घुमता टोळी बर्डीवरच्या एका चारमजली दुकानात शिरली. तिथं तो सरकता जिना. बायका पदर खोचून, किंचाळत, एकमेकींना धरून चढल्या. धुरपताबाईंनी एक पाय पुढे केला, मागे घेतला आणि म्हणाल्या, "तुमी जा वं, मी इथंच हावो." वर गेलेली माणसं वरच रमली आणि उतरली ती दुसऱ्या बाजूच्या साध्या जिन्याने, मागच्या दारात. तिथून पुन्हा पुढे यायला अर्धा तास गेला. जिन्यापाशी धुरपताबाई नव्हत्या.

सुरुवातीला तेजरामजी घाबरले नाहीत. नियम आहे, कुठं जाईल? दुकानाचे चारही मजले पाहिले. दारातून नाव पुकारायला लावलं. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्या, चपलांचे ढीग, फुगेवाले, माणसांचा नुसता पूर. तेव्हा त्यांनी विचारलं, "तिले नियम मालूम हाय ना?" आणि सरिता हळूच म्हणाली, "काका, काकू तई पिशव्यापाशी होती."

धुरपताबाईंकडे फोन नव्हता. अक्षरओळख सहीपुरती. बासष्ट वर्षांत एकटीने त्या साकोलीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. पोलिस चौकीत जाऊन वर्णन सांगायचं ठरलं. चौकीतला शिपाई बरा माणूस होता. त्याने विचारलं, "लुगडं कोणत्या रंगाचं?" तेजरामजींनी सांगितलं. "हातात काही?" कापडी पिशवी. "शहरात कोणाकडे जायचं बोलल्या होत्या का? काही पाहायचं, काही घ्यायचं?"

तेजरामजींनी सवयीने डायरी उघडली. रेघ मारलेला देवाजी सोडून नऊ नावं. आठ नावांपुढे रजिस्ट्री आणि सही. नववं नाव कोरं.

त्या कोऱ्या जागेकडे पाहून या माणसाला जी लाज वाटली, ती त्याला चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटली नव्हती. देवाजीच्या बायकोला नागपुरात काय आवडेल हे त्यांनी सांगितलं असतं. नत्थूच्या मनातलं ते ओळखून होते. आपल्या बायकोला कोणती वाट ओढून नेईल, याचं एक अक्षर त्यांच्याकडे नव्हतं.

"नाई," ते म्हणाले. "मले मालूम नाई."

चौकीबाहेर पायरीवर ते बसले. दोन वाजून गेले होते. पाचची बस. सरिता बाकीच्यांना धीर देत होती, विजयमालाबाई रडत होत्या. तेजरामजींनी डोळे मिटले आणि जे त्यांना येत होतं तेच केलं. अपुऱ्या पत्त्याचं पत्र हातात आलं की ते काय करायचे? लिहिणाऱ्याच्या जागी जाऊन बसायचे. हा माणूस कोण, त्याला काय ठाऊक, त्याने काय लिहिलं असेल.

धुरपताला काय ठाऊक? एकच पत्ता. वाट चुकली तर ती कोणाला तरी विचारणार. काय विचारणार? "दिघोरीले कसं जाऊ?"

ते ताडकन उभे राहिले. "सरिता, नागपुरातबी दिघोरी हाय!"

आता हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. नागपूरच्या उमरेड रस्त्यावर दिघोरी नावाची वस्ती आहे, मोठा चौक आहे, नाका म्हणतात. पिनकोड लिहायला विसरलेली कितीतरी पत्रं त्या दिघोरीची या दिघोरीत आणि या दिघोरीची त्या दिघोरीत. गावातल्या एका मुलीच्या नोकरीचं बोलावणं असंच पंधरा दिवस नागपूरच्या दिघोरीत फिरून आलं होतं, मुलाखतीच्या आदल्या दिवशी. तेजरामजी ते घेऊन भर दुपारी तिच्या शेतात धावले होते. त्या दिघोरीत त्यांनी स्वतः कधी पाय ठेवला नव्हता, पण तिच्या गल्ल्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती.

पुन्हा दुकानात जाऊन जिन्याजवळच्या चौकीदाराला गाठलं. मघाशी तो जेवायला गेला होता, आता परतला होता. "हिरव्या लुगड्याची मावशी? हो, बरोबरची माणसं खाली येईनात म्हणून घाबरल्या होत्या, दिघोरीला जायचं म्हणत होत्या. मी विचारलं, कोणती दिघोरी, नाक्याची का? म्हणाल्या, मोठी दिघोरी. म्हटलं मोठीच आहे ती. दिली बसमध्ये बसवून." बिचाऱ्याने पुण्यच केलं होतं.

तेजरामजींनी टोळी सरितेच्या हवाली केली. "साऱ्याइले घेऊन स्टँडवर जा. मी तिले घेऊन येतो." आणि ऑटोत बसले.

दिघोरीच्या चौकात उतरले तेव्हा चार वाजत आले होते. ट्रक, बस, दुकानं, चारी बाजूंनी वस्त्या. रविवार म्हणून पोस्ट बंद, नाहीतर आधी तिथेच गेले असते. पण घर नंबर नसलेलं पत्र कसं पोचवायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. चालणाऱ्याला विचारायचं नाही, बसलेल्याला विचारायचं. पानठेल्यावर विचारलं, नाही. चपला शिवणाऱ्याला विचारलं. त्याने सुई थांबवली. "थे झाडीपट्टीकडची मावशी का? मले इचारून राहिली होती का बा तेजराम पोस्टमनचं घर कुठं हाय. इथं कोन हाय तेजराम पोस्टमन? जा, तिकडं भाजीवाल्या बसतात, तिकडं गेली होती."

भाजीवाल्यांच्या ओळीत, रेणू नावाच्या एका तरुण बाईच्या शेजारी, पोत्यावर मांडी घालून धुरपताबाई बसल्या होत्या. पुढ्यात वालाच्या शेंगांचा ढीग. त्या शेंगा सोलत होत्या आणि एका गिऱ्हाइकीणीला सांगत होत्या, "लसूण जास्त टाकाचा वं बाई, अना पानी कमी."

तेजरामजी समोर जाऊन उभे राहिले. रागवायचं असं त्यांनी ऑटोत ठरवलं होतं. चांगलं झापायचं. पण ते तसेच पोत्याच्या कडेला बसले आणि चारचौघांत, त्या भर बाजारात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आले का?" धुरपताबाई म्हणाल्या. "काहून रडून राहिले जी? मी त हावो."

"तू भ्याली नाई?"

"भेली ना. गाडीतून उतरली अना पाह्यलं, त तळंच नाई. तई समजलं का हे आपली दिघोरी नोहोय. रडू आलं. पन रडाले जागा पायजे ना, गाड्या किती चालून राहिल्या!" त्या हसल्या. "मंग म्हनलं, आता तुमी शोधून राहिले असान. तुमाले पत्ता सापडला नाई, असं झालं का कदी? सापडनच. तवरी बसून काय कराचं? घुमून घेतलं."

आणि त्या सांगायला लागल्या. मागच्या गल्लीत लग्न होतं, मांडवात शिरून नवरी पाहिली, कोणीतरी बळेच बुंदी दिली. पुढे एक माणूस गाद्यांचा कापूस पिंजत होता, तो पाहत उभी राहिले. शाळेच्या मैदानात पोरी कबड्डी खेळत होत्या, एक पोरगी अशी चपळ की काय सांगू. एका घरी तुळशीच्या एवढ्याशा कुंडीत वांगी लागली होती, त्या बाईशी बोलले. कोणत्या गल्लीतून निघाले आणि कोणत्या गल्लीत शिरले काही ठाऊक नाही. मग ही रेणू भेटली, तिचं माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, सिहोऱ्याकडचं निघालं, मग बसले.

तेजरामजी ऐकत राहिले. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ते सांगायचे आणि ती ऐकायची. आज पहिल्यांदा ती सांगत होती आणि त्यांना मधे बोलावंसं वाटत नव्हतं. तिला इतकं दिसतं हे त्यांना माहीतच नव्हतं. नत्थूला, विजयमालाबाईंना, साऱ्या मुलखाला जी मोकळी दुपार ते दाखवत फिरले, ती त्यांच्या बायकोला मिळाली ती केवळ चुकून, एका चौकीदाराच्या भलेपणाने.

"एक गोठ सांगू?" धुरपताबाई शेंग सोलता सोलता म्हणाल्या, हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज. "लगन झाल्यापासून आज पयला दिवस हाय. दोपारपासून मले कोनी पानी नाई मांगतलं."

तक्रार नव्हती ती. म्हणूनच ती तेजरामजींच्या काळजात घुसली.

खिशात फोन वाजला. सरिता होती. "काका, काकू सापडली का?"

"सापडली."

पलीकडे साऱ्यांचा एकदम गलका झाला. मग सरिता म्हणाली, "लवकर या मंग, बस लागून राहिली. कुठं हा तुमी?"

"दिघोरीले."

"आं?"

धुरपताबाई पिशवी आवरून उठायला लागल्या होत्या. "चला जी, बस चुकन." तेजरामजींनी आयुष्यात एकही बस चुकवली नव्हती. पोस्टाची पिशवी ज्या बसने जायची ती एका मिनिटाने चुकली तर सात गावांचं टपाल एक दिवस अडायचं, हे ज्याच्या हाडात मुरलंय तो माणूस बस सोडत नाही. आता निघाले असते तर मिळालीही असती.

"सरिता," ते फोनमध्ये म्हणाले, "तुमी साऱ्याइले घेऊन निघा. शेजारनीले सांगजो, बकऱ्या आजच्या दिवस पाहून घे म्हना. आमी उद्या येऊ."

फोन ठेवला. धुरपताबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "अना आपन?"

"विहारात सांगून ठेवू, रात्री तिथंच राहू. अजून उजेड हाय. तू घुम. जिकडं वाटन तिकडं. मी मांगून येतो."

"तुमाले बीट लागते ना पयले?"

"आज नाई."

रेणू शेंगा मोजता मोजता हसत होती. तेजरामजींचा घसा कोरडा पडला होता, दुपारपासून पाण्याचा थेंब पोटात नव्हता. सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी तसाच गिळला. उठले, रेणूकडून पेला मागून घेतला आणि रस्ता ओलांडून समोरच्या नळावरून भरून आणला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून, गाड्या जाऊ देत, सावकाश आले. पेला धुरपताबाईंपुढे केला.

धुरपताबाईंनी पेल्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"मले?"

"तुले," तेजरामजी म्हणाले, आणि ती पिऊन होईपर्यंत समोर उभे राहिले.